ओढ्यातलं नायट्रेट कुठून आलं?

प्रश्न : उंच पर्वतातल्या एका संरक्षित उद्यानातल्या ओढ्याचा पाणी-अहवाल हाती आला. नायट्रेट लिटरला १.८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५० आहे, म्हणजे ओढा उत्तम स्थितीत आहे ना? वर ना शेत, ना गाव. मग हे नायट्रेट तरी आलं कुठून?

उत्तर : ५० ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, आणि ती ठरवताना बाटलीचं दूध पिणारी तान्ही बाळं डोळ्यांसमोर होती. जास्त नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओढ्याची तब्येत या मापाने मोजू नका. वृक्षरेषेच्या वर माती पातळ, झाडोरा तुरळक. तिथलं शेवाळ अत्यल्प नायट्रोजनवर जगायला सरावलेलं असतं. माणसाच्या पेल्यात नगण्य असलेली भर त्याच्यासाठी मोठी ठरते.

ही भर बहुतेकदा हवेतून येते. गाड्यांचा, वीजकेंद्रांचा धूर आणि खतं व गोठ्यांतून उठणारा अमोनिया वाऱ्याबरोबर वर चढतो आणि पाऊस-बर्फातून खाली उतरतो. उद्यानाची हद्द हवेला अडवत नाही. अमेरिकेतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात हे फार बारकाईने अभ्यासलं गेलंय. तिथल्या लॉक व्हेल खोऱ्यात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मोजणी चालू आहे. उद्यानातल्या काही तळ्यांच्या गाळात साधारण १९५०पासूनच्या थरांत नायट्रोजनवर पोसणारे डायाटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ) वाढलेले दिसतात. म्हणून तिथे पाऊस-बर्फातून येणाऱ्या नायट्रोजनची मर्यादा वर्षाला हेक्टरी १.५ किलो धरली आहे. ही मर्यादा पाण्यासाठी नाही, वरून पडणाऱ्या भारासाठी आहे, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते.

पण सगळं नायट्रेट बर्फातून थेट ओढ्यात येत नाही. बरंचसं आधी दगडांच्या राशींतल्या, विरळ मातीतल्या जिवाणूंच्या हातून जातं. नायट्रेटमधल्या प्राणवायूच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, हा फरक कळतो.

आता तुमच्या १.८ बद्दल. नमुना कोणत्या तारखेचा आहे? बर्फ वितळायला लागलं की साठलेले क्षार पहिल्या पाण्याबरोबरच निघून जातात, त्यामुळे वितळण्याच्या सुरुवातीला नायट्रेट उसळतं. पुढे उन्हाळ्यात वनस्पती आणि शेवाळ ते शोषून घेतात आणि आकडा उतरतो. एकाच ओढ्याचे दोन महिन्यांतले आकडे शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणणं चूक आहे.

दुसरं, आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा? हे मी रागाने शिकलो. एका प्रयोगशाळेकडून आलेल्या अहवालात आमच्या ओढ्याचं नायट्रेट वर्षभरात चौपटीहून जास्त घसरलं होतं. आठवडाभर आम्ही कारणं शोधत होतो. शेवटी कळलं, त्या वर्षी त्यांनी आकडा नायट्रोजन म्हणून दिला होता. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं; गुणल्यावर घसरण गेली. तुमचं १.८ नायट्रोजन म्हणून असेल, तर नायट्रेट ८च्या आसपास जातं आणि मग खरोखर काळजी करायला हवी.

नमुना कसा घेतला हेही विचारा. मी प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, बाटली ओढ्याच्याच पाण्याने तीनदा विसळतो, बोटं आत जाऊ देत नाही, पाणी बारीक गाळणीतून गाळतो आणि बाटली अंधारात, थंड ठेवून नेतो. रंग बदलणारी चाचणी-पट्टी इथे निरुपयोगी आहे. इतक्या कमी पातळीवर ती धड काही दाखवतच नाही.

आणि हे पाणी प्यायचा विचार असेल, तर नायट्रेटचा आकडा तुम्हाला जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

अहवालावरची तारीख आणि एकक कळवा. जुन्या काही वर्षांचे आकडे मिळाले तर तेही पाठवा, मग नीट बोलता येईल.