२√१८ ला अर्धाच मार्क का?

प्रश्न: मुलगी नववीत आहे, करणीच्या (√ मधल्या संख्यांच्या) धड्यात तिने √७२ चं सोपं रूप २√१८ लिहिलं तर बाईंनी अर्धाच मार्क दिला आणि √५० + √१८ = √६८ ला सरळ भोपळा. चुकलं काय?
– एक आई, भांडुप

उत्तर: ताई, २√१८ चूक नाहीये हो, अर्धवट आहे. दादरला जायचं होतं आणि पोरगी माटुंग्यालाच उतरली. १८ मध्ये अजून ९ लपलाय, तो ३ होऊन बाहेर येतो, मग ६√२. म्हणून भाग जाणारी सगळ्यात मोठी वर्गसंख्या आधीच शोधायची, ७२ ला ३६ ने, म्हणजे ६ च्या वर्गाने, भाग जातो, एका फटक्यात काम.

दुसरं मात्र खरंच चुकलंय, आणि अर्धा वर्ग हेच करतो! मुळाच्या आतले आकडे गुणाकारात एकत्र येतात, बेरजेत नाही. तिला √९ + √१६ करायला लावा, ३ + ४ म्हणजे ७, आणि √२५ तर ५च. आता √५० म्हणजे ५√२, √१८ म्हणजे ३√२, दोन्ही सरूप करणी, म्हणजे मुळाखाली तोच २, झाले ८√२. सोबत √३ असता तर तो तसाच ठेवायचा. आणि त्या अर्ध्या मार्कासाठी बाईंकडे जाऊ नका, ‘सोपं रूप’च विचारलं होतं ना.