ठासणीच्या रायफलीचे पितळी भाग ओतीव घ्यावेत की पत्रा ठोकून हाताने घडवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत, घरच्या गॅरेजमध्ये, पेनसिल्व्हेनिया घाटाची चकमकीची रायफल किटमधून जोडायला घेतली आहे. सोबत आलेले ओतीव पितळी भाग नकोत, ते पत्र्यापासून स्वतः घडवायचे आहेत. भट्टी नाही, लेथ नाही. आणि मित्र म्हणतो की जुने कारागीर सगळं ठोकूनच करायचे, ओतीव भाग लावणं म्हणजे लबाडी.

मित्राचं अर्धंच खरं आहे. मी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत राहतो आणि बरीच वर्षं हौस म्हणून हेच काम करतो, त्यामुळे या भागातल्या जुन्या रायफली पाहायला मिळतात. पातळ भाग पत्र्याचे आणि जाड भाग ओतीव, ही वाटणी अठराव्या शतकातलीच आहे. लँकेस्टरचा बंदूक-कारागीर जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) घ्या, नाहीतर पेनसिल्व्हेनियातल्याच नाझरेथजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग या मोरेव्हियन (एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) वसाहतीत काम करणारे आंद्रेआस आल्ब्रेख्ट आणि ख्रिश्चन ऑर्टर घ्या. यांच्या परंपरेत दस्त्याच्या, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाच्या, मागच्या टोकाची बटप्लेट आणि चापाभोवतीचा गार्ड वाळूच्या साच्यात ओतलेला असे. मोडकं पितळ मुशीत वितळवायचं, लाकडी नमुना दाबून साचा करायचा, ओतायचं आणि मग कानशीने घासत बसायचं. जुनी बटप्लेट उतरवलेली पाहायला मिळाली तर आतली बाजू बघा. वाळूतून निघालेला खडबडीतपणा बऱ्याचदा तसाच असतो, कारण तिथे कानस चालवायला कोणाला वेळ होता! उलट बार ठासायचा गज अडकवायच्या नळ्या, म्हणजे थिंबल, बघितल्या तर खालच्या बाजूला पत्र्याची सांध दिसते.

मित्राचं म्हणणं पूर्ण लागू पडतं ते दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या रायफलींना. टेनेसी, नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या रायफली बहुतेक लोखंडी साजाच्या. लोखंड ओतण्याची सोय गावच्या लोहाराकडे नव्हती, म्हणून गार्ड आणि बटप्लेट पट्टी तापवून ऐरणीवर वाकवलेली, रिवेट मारून झाळलेली असे. तुम्हाला सगळंच ठोकून करायचं असेल तर पुढची रायफल त्या घाटाची घ्या, पण त्याला भट्टी लागेल. तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी हातातल्या गॅस टॉर्चवर केशरी होईपर्यंत तापत नाही, आणि लाली गेल्यावर मारलेले घाव वाया जातात.

आता तुमच्या हातातल्या किटबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. किटच्या दस्त्यात बटप्लेट आणि गार्ड बसायच्या खाचा यंत्राने आधीच कोरलेल्या असतात, आणि त्या सोबतच्या ओतीव भागांच्या मापाच्या असतात. तुम्ही वेगळ्या वळणाची बटप्लेट घडवलीत तर लाकडात फट राहणार, आणि मेपलच्या लाकडातली फट कुठल्याही लांबीने (पुटीने) लपत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: बटप्लेट आणि गार्ड किटमधलेच ठेवा. थिंबल, दस्त्याच्या पुढच्या टोकाची टोपी (नोजकॅप) आणि हवा असेल तर पॅचबॉक्स (दस्त्यातली झाकणाची डबी), एवढं पत्र्यातून करा. यात कमीपणा काही नाही, डिकर्टच्या दुकानातही हेच झालं असतं.

पत्रा घेताना ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं पितळ मागा, ज्याला इथे कार्ट्रिज ब्रास म्हणतात. ते ठोकायला सोसतं. सहज कापलं जावं म्हणून शिसं घातलेलं पितळ मिळतं, ते घेऊ नका, वाकवताना तडकतं. थिंबल आणि टोपीला ०.८ ते १ मिमी, पॅचबॉक्सला १ ते १.२ मिमी, साइडप्लेटला (चकमकीच्या यंत्राच्या विरुद्ध बाजूला लागणाऱ्या पट्टीला) २ मिमी. साइडप्लेट घडवायचं कामच नाही, सोनाराच्या करवतीने आकार कापा आणि कानस मारा.

सगळ्या कामाचा जीव पितळ नरम करण्यात आहे. थंड पितळ ठोकलं की ते कडक होत जातं, हातोड्याचा आवाज टणक होतो आणि हाताला उसळी जाणवते. तेव्हा थांबायचं. गॅरेजचा दिवा मालवून अंधुक उजेडात टॉर्चने तापवा, मंद लाली दिसली की ज्योत काढा. उजेडात तापवलंत तर लाली दिसेपर्यंत ते प्रमाणाबाहेर तापलेलं असतं. मग पत्र्याचे कण मोठे होतात आणि वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उमटतो. लाली पूर्ण गेल्यावर पाण्यात बुडवा किंवा तसंच गार होऊ द्या, नरमपणात फरक नाही. पोलादासारखं पितळ पाण्याने कडक होत नाही. लाल असताना मात्र त्याला ठोकू नका, तुकडे पडतात. वरचा काळा थर काढायला सायट्रिक ॲसिडचं कोमट द्रावण पुरतं, पण त्यात लोखंडी चिमटा घालू नका, पितळावर तांब्याचा गुलाबी मुलामा चढतो. दार उघडं ठेवा. पितळ फार तापलं की पांढरा धूर येतो तो जस्ताचा, आणि त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

सुरुवात थिंबलपासून करा. समजा गज ३/८ इंचाचा आहे. १० मिमी व्यासाची गुळगुळीत पोलादी कांब घ्या, तोच तुमचा साचा. ०.८ मिमी पत्रा तिच्याभोवती गुंडाळायला सुमारे ३४ मिमी घेर लागतो, दोन्ही कडांना ६-६ मिमीच्या जिभा सोडल्या की पट्टीची रुंदी ४६ मिमी होते. जिभा पूर्ण लांबीभर ठेवू नका, फक्त मधल्या भागात ठेवा, म्हणजे लाकडात खाच छोटी लागते. नरम केलेली पट्टी कांबेवर यूच्या आकारात वाकवा, दोन्ही पाय शेगड्याच्या (व्हाइसच्या) जबड्यांत धरा, कांब वर राहू द्या. मग शेगडा आवळत जा आणि लाकडी मोगरीने कांब खाली दाबत जा. एका दमात होत नाही. मधे एकदा काढून पुन्हा नरम करा. दोन्ही जिभा एकमेकींना घट्ट चिकटल्या की आत चांदीचा डाख लावून झाळा. टाकणखार लावायला विसरू नका, डाख त्याच्याशिवाय पसरतच नाही.

अष्टकोनी थिंबल हवं असेल तर जाडीचा हिशेब आधी करा. ०.८ मिमी पत्र्यावर कानशीने पैलू काढले तर पैलूच्या मध्यावर निम्म्याहून कमी जाडी उरते. १.२ मिमी घेतला तर पाऊण मिमीच्या आसपास राहते, आणि दोन्ही टोकांना कड्यांची नक्षी घासायलाही जागा मिळते.

गज जिथे लाकडात शिरतो तिथलं शेपटीचं थिंबल सगळ्यात शेवटी करा. नळीचा अर्धा भाग उलगडून त्याची पानासारखी शेपूट काढायची असते, आणि ती लाकडाच्या गोलाईवर बसवायला कठीण लाकडाच्या ठोकळ्यात तसाच खड्डा कोरून त्यात ठोकावी लागते. इथे हातोड्याचं तोंड आरशासारखं घासलेलं हवं. पुण्याला जाणं झालं तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत थोडा वेळ उभं राहून मठारकाम बघा. ठोक्याला ठोका लागून जातो, मधे पट्टा सुटत नाही, हातोड्याच्या तोंडावर ओरखडा दिसत नाही. हातोड्यावर जो ओरखडा असेल तो प्रत्येक घावाबरोबर पत्र्यावर छापला जातो आणि नंतर तुम्हालाच घासून काढावा लागतो.

नोजकॅपसाठी दस्त्याच्या टोकाचाच आकार मेपलच्या ठोकळ्यात कोरा. साचा आतल्या मापाचा. पत्रा त्यावर वाकवून खोळ करा, पुढचं तोंड बंद करायला वेगळा तुकडा झाळा, आणि मग बंदुकीच्या नळीची अर्धगोल किंवा अष्टकोनी जागा कापून काढा. एका अखंड पत्र्याची कड आत वळवून तोंड बंद करणारेही आहेत. ते सुंदर दिसतं, पण दर दोन-तीन मिमीला नरम करावं लागतं. पहिल्या रायफलीला झाळलेलीच ठीक. टोपी आधी, लाकूड नंतर, हा क्रम सोडू नका: तयार टोपीला काजळी लावायची, लाकडावर दाबायची, जिथे काळं उमटेल तेवढंच छिलायचं.

पॅचबॉक्स म्हणजे दस्त्याच्या उजव्या बाजूची झाकणाची डबी. लँकेस्टरची ओळख म्हणजे तिच्या टोकाचं डेझीचं फूल. त्यात अवघड काय, तर बिजागरी. १ मिमी पत्रा १.५ मिमी तारेवर वळवायला कडेची सुमारे ८ मिमी पट्टी जाते. मी आधी पूर्ण कड वळवून घेतो आणि मगच करवतीने दाते कापतो. आधी दाते कापून प्रत्येक वेगळा वळवला तर ते एका रेषेत येत नाहीत. दस्ता गोल, बिजागरीचा अक्ष मात्र सरळ. म्हणून झाकणाला लाकडाच्या खोबणीत ठोकून फुगवटा देताना बिजागरीजवळची कड सपाट ठेवायची, नाहीतर झाकण अडकतं.

किटमधल्या ओतीव गार्डलाही हात लावावा लागेलच. त्याचे पाय दस्त्याच्या वळणाशी जुळत नसतात आणि लोक तो सरळ शेगड्यात धरून वाकवतात. ओतीव पितळ तसं वाकवलं तर कमानीच्या मुळाशी तुटतं. पत्र्यासारखाच आधी नरम करा, गार होऊ द्या, मग हळूहळू वाकवा.

बफिंगच्या चाकापासून लांब राहा. कडा गोल होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. कानस, मग लाकडी पट्टीवर ताणलेला पॉलिश पेपर ३२० नंबरपर्यंत, तेल लावून. पुढे हातांचा घामच रंग देतो. बंदुकीची नळी आणि तिचं मागचं बूच मात्र तयारच विकत घ्या, आणि झाळकामाचा टॉर्च त्यांच्या जवळपास नेऊ नका.

हे भारतात वाचणाऱ्यांसाठी एक: कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर अजून ठासणीच्या बंदुका आहेत, पण १९५९च्या शस्त्र कायद्यात त्याही मोडतात. परवान्याशिवाय जोडणी तिथे करू नका. नुसतं पितळकाम शिकायला आडकाठी नाही.

थिंबल बसवताना पिनेचं भोक १/१६ इंचाचं, लाकूड आणि जीभ एकत्र धरून एकदाच पाडा. त्याआधी गज बंदुकीच्या नळीखालून पूर्ण आत सरकवून बघा, कारण पीन ठोकल्यावर थिंबल हलत नाही.