निघताना नेमकं महत्त्वाचंच का राहतं?

तुम्ही विचारलंय की बाहेर पडताना दर वेळी किल्ली, चष्मा, चार्जर असं काहीतरी राहून जातं, तर स्मरणशक्ती कमी झाली म्हणायची का? मला तसं वाटत नाही. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली किंवा हातातली किल्ली कशाची हेच आठवेना, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण किल्ली टेबलावर राहिली आणि जिना उतरल्यावर आठवली, म्हणजे आठवली तर खरी! वेळेवर आठवली नाही, इतकंच.

झालेलं आठवणं वेगळं आणि करायचं ते ऐन वेळी आठवणं वेगळं. या दुसऱ्याला खूण लागते, समोर काहीतरी दिसावं लागतं. दारात उभं राहिल्यावर आतलं टेबल दिसत नाही, मग किल्ली आठवणार कशी?

राहतं काय तेही बघा. आदल्या रात्री बॅगेत गेलेले कपडे सहसा राहत नाहीत. राहतं ते शेवटपर्यंत वापरात असलेलं: चष्मा, ब्रश, सकाळची गोळी. चार्जर तर ठरलेलाच. मोबाइल काढून खिशात टाकला की डोक्याच्या लेखी चार्जिंगचं काम संपलं. एटीएममध्येही तेच व्हायचं, पैसे हातात आले की कार्ड मशीनमध्येच सोडून माणूस चालू पडायचा. म्हणून बऱ्याच मशीन आधी कार्ड परत देतात आणि मग पैसे. माणसं सुधारायच्या फंदात न पडता क्रम बदलला, हे मला फार पटतं.

घरीही तेच करायचं. निघायच्या दिवशी मोबाइल वायरीपासून सोडवायचाच नाही, चार्जरसकट भिंतीतून उपटायचा आणि दोन्ही एकदमच उचलायचं. फ्रिजमधलं औषध न्यायचं असेल, तर गाडीची किल्ली त्याच्याच शेजारी फ्रिजमध्ये ठेवा. कागदपत्रांचं पाकीट सरळ बुटांवर. घरचे हसतात, हसू द्या.

लांब जायचं असेल तर यादी हवीच. ‘मला सगळं पाठ आहे’ म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. 1935 साली बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. उभ्या विमानाची शेपटाकडची पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहून गेलं होतं. वैमानिक नवशिके नव्हते, चांगले मुरलेले होते. त्यानंतर वैमानिकांच्या हातात लेखी चेकलिस्ट आली. आपली यादी मात्र दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, मोबाइलमध्ये ती कोण उघडतंय? आणि खूण करायची ती वस्तू बॅगेत गेल्यावरच, ‘आता टाकतोच आहे’ म्हणून नाही.

सगळ्यात घात करतो तो निघता निघता आलेला फोन. तो उचललात तर यादी पुन्हा पहिल्यापासून वाचा. अर्धवट सोडलेलं काम पुढे चालू करताना मधली एखादी पायरी हमखास गळते.

राहता राहिली ती कुलूप लावलं की नाही ही शंका. हात सवयीने कुलूप लावतो, लक्ष भलतीकडेच असतं, म्हणून नंतर काही केल्या आठवत नाही. कुलूप ओढून बघताना मोठ्याने म्हणा, ‘लावलं!’ काहीजण कुलपाचा फोटो काढून ठेवतात. तेही चालेल, मोबाइल आत राहिला नसला म्हणजे झालं.