मुंबईच्या जुन्या डबलडेकर बसवर काम करणारी माणसे नेमके काय करीत असत?

आपण विचारले आहे की, बेस्टच्या, म्हणजे मुंबईची बससेवा चालवणाऱ्या उपक्रमाच्या, जुन्या डबलडेकर बसविषयी मुंबईकर इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात, त्या बसवरचे वाहक आणि चालक यांचे काम प्रत्यक्षात कसे चालत असे, आणि त्यातले आज काही पाहायला मिळते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, ते शेवटी देतो. मधल्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण बस सर्वांना आठवते, परंतु ती चालवणाऱ्या माणसांच्या हातातले कसब फारसे कोणी नोंदवून ठेवलेले नाही.

माझे थोरले मामा १९६६ साली बेस्टमध्ये वाहक म्हणून लागले आणि १९९६ साली निवृत्त झाले. गुहागर तालुक्यातल्या आपल्या गावाहून ते मुंबईला आले आणि लग्न होईपर्यंत गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांतच राहिले. त्यामुळे त्यांची खाकी वर्दी, छातीवरचा बिल्ला आणि पहाटे साडेतीनला वाजणारे घड्याळ या गोष्टी माझ्या लहानपणाचा भागच होत्या. पहिल्या पाळीला जाताना ते अंधारात कपडे करीत, कोणाची झोप मोडू नये म्हणून बूट हातात घेऊन जिना उतरत, आणि खाली गेल्यावर पायात चढवत.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, पण त्यात मी फार वेळ घालवणार नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, विजेची ट्राम १९०७ साली आली, आणि पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. डबलडेकर १९३७ साली रस्त्यावर आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सारा कारभार खासगी कंपनीकडून महानगरपालिकेकडे आला. तेव्हापासून शहर बेटाला वीज पुरवणे आणि साऱ्या मुंबईत बस चालवणे ही दोन्ही कामे एकाच उपक्रमाकडे राहिली, आणि विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघत असल्यामुळे कित्येक वर्षे भाडे सामान्य माणसाच्या आवाक्यात राहू शकले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरकडे निघाली, तेव्हा माझी आई ती पाहायला गेली होती. गर्दीमुळे आपल्याला ट्राम दिसलीच नाही, फक्त तिची घंटा ऐकू आली, असे ती सांगत असे.

आता वाहकाच्या कामाकडे येतो. त्या काळी तिकिटे यंत्रातून निघत नसत. प्रत्येक किमतीचे तिकीट वेगळ्या रंगाचे असे, आणि पातळ कागदाच्या त्या गठ्ठ्या धातूच्या चपट्या पेटीत ओळीने लावलेल्या असत. ती पेटी डाव्या हातावर तोलून धरायची, त्याच हाताच्या बोटांमध्ये उभ्या घडीच्या नोटा किमतीप्रमाणे अडकवायच्या, उजव्या हाताच्या अंगठ्याने नेमके एकच तिकीट सुटे करायचे, प्रवासी चढला त्या टप्प्याच्या आकड्यावर पंचने भोक पाडायचे, खांद्यावरून लोंबणाऱ्या चामडी पिशवीतून सुटे पैसे न पाहता मोजायचे, आणि हे सगळे चालत्या बसमध्ये कोणताही दांडा न धरता. मामा पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभे राहत आणि बस वळली की शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेत. ही सवय इतकी अंगात मुरली होती की स्वयंपाकघरात चहाची वाट पाहतानासुद्धा ते तसेच उभे असत, आणि बाजारातून आणलेले पैसे आईला देताना नोटा उभ्याच दुमडलेल्या असत. काम नसताना पंच मोकळा वाजवत राहण्याची वाहकांची रीत होती. ती टिकटिक ऐकली की प्रवासी न सांगता खिशात हात घालीत. सुटे पैसे नसले, तर उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून दिली जाई, आणि उतरताना ती परत मिळत असे. गर्दीच्या फेरीत अशी वीस-पंचवीस देणी मामांच्या डोक्यात असत. कोणी पैसे न घेताच उतरू लागला, तर ते त्याला नावाने नव्हे, रकमेने हाक मारीत: "अहो, चाळीस पैसे!" आणि तो बरोबर मागे वळून बघे.

समुद्राकाठच्या शहरात या कामाला आणखी एक अडचण होती, ती बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. पावसाळ्यात खाऱ्या, दमट हवेने तिकिटे एकमेकांना चिकटत. एकाऐवजी दोन निघाली, तर दुसऱ्याचे पैसे हिशेबात कमी पडणार, म्हणून मामा गठ्ठीच्या कडेवर फुंकर घालून, अंगठा शर्टाला पुसून मगच तिकीट ओढत. ते बरीच वर्षे १२३ क्रमांकाच्या बसवर होते. ही बस कुलाब्याच्या आर. सी. चर्चपासून चर्चगेट, मरीन ड्राइव्ह, चौपाटी असे करीत ताडदेवला जात असे. उत्तरेकडे जाताना बस समुद्राच्या बाजूने धावते आणि दरवाजाही डावीकडेच, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत कठड्यावर आपटलेली लाट थेट पायरीवर येई. मी शाळेत असताना जुलैमधल्या एका दुपारी मी हे जवळून पाहिले आहे. लाट उसळलेली दिसताच खालच्या मजल्यावर उभ्या असलेल्या मामांनी दरवाजाकडे पाठ केली, तिकिटांची पेटी छातीशी धरून तिच्यावर दोन्ही कोपर झाकले, आणि सारे पाणी पाठीवर घेतले. मग काही झालेच नाही अशा आवाजात "खिडक्या लावून घ्या" म्हणत ते पुढे सरकले. खाकी शर्टाच्या पाठीवर पाण्याचा काळसर नकाशा उमटला होता, पेटीवर मात्र एक थेंबही नव्हता.

डबलडेकरवर तीन माणसे असत: चालक, खालचा वाहक आणि वरचा वाहक. चालक आपल्या वेगळ्या केबिनमध्ये, वाहकांपासून पूर्ण तुटलेला. त्याला बाहेरचे दिसे, पण आत काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे छताखालून गेलेली दोरी आणि तिच्या टोकाची घंटा. एकदा वाजली की थांबायचे, दोनदा वाजली की निघायचे. एवढ्याशा भाषेवर तिघांचा दिवस चाले. मामा सांगत की, नवा माणूस दोरी हिसकतो आणि जुना माणूस नुसती ओढतो, आणि कोणी ओढली हे चालकाला घंटेच्या आवाजावरूनच ओळखू येते. एखादी म्हातारी बाई पायरीवर असताना घाईने दोन घंटा दिल्या गेल्या, तर काय होऊ शकते हे प्रत्येक वाहकाला माहीत असे. म्हणून मामा दुसरी घंटा देण्यापूर्वी नेहमी मागे वळून पाहत.

वरच्या मजल्यावरचे काम अधिक कष्टाचे होते. जिना अरुंद आणि वळणाचा. कॉलेजातली मुले एका टप्प्यासाठी धावत वर जात आणि तिकीट काढण्याआधीच खाली उतरण्याचा प्रयत्न करीत. मुलांचा राग राग न करता वरचा वाहक जिन्याच्या तोंडाशीच उभा राही, म्हणजे येणारा आणि जाणारा दोघेही त्याच्या समोरून जात. पहिल्या रांगेतली समोरची जागा सर्वांना हवी असे. तिथली खिडकी उघडली की समुद्राचा वारा तोंडावर येई, आणि झाडांच्या फांद्या काचेला फटकारत गेल्या की लहान मुले किंचाळत. त्या फांद्यांची दुसरी बाजू चालकाला सांभाळावी लागे. डबलडेकरचा रस्ता ठरवताना पुलांची उंची आणि झाडांचे वाकणे पाहावे लागे, आणि छाटणी झाली नसेल तर चालक बस कडेपासून जरा आत ठेवून चालवी. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या त्या जड बसचे चाक वळवताना चालकाचे दंड कसे फुगत, इंजिनाच्या धगीने त्याच्या शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे कसे उमटत, हे मी पुढच्या थांब्यावर उभा राहून कितीदा तरी पाहिले आहे. वाहकाचे कौतुक होते, त्याचे किस्से सांगितले जातात. चालकाचे तोंडसुद्धा कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि मला हे नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

थांब्यावर लोक रांगेत उभे राहत, हे आपल्याला खरे वाटणार नाही, पण ते खरे आहे. बस आली की वाहक आतल्या मोकळ्या जागांचा अंदाज घेऊन हात आडवा धरीत आणि म्हणत, "दोनच! फक्त दोनच! मागून गाडी येतेय, रिकामी आहे." तिसरा माणूस बहुधा थांबत असे. वाहकाच्या शब्दाला मान होता, आणि तो मान वर्दीमुळे नव्हता, मागची गाडी खरोखर येत असल्यामुळे होता. आणखी एक गोष्ट इथे नोंदवतो. बसच्या दर्शनी भागावर क्रमांक देवनागरीत असे. मुंबईत नव्याने आलेल्या कित्येक माणसांनी मराठीतले पहिले अक्षर म्हणून १, २, ३ हे आकडे त्या लाल बसच्या कपाळावर वाचले. आमच्या चाळीत राहायला आलेल्या एका तमिळ कुटुंबातल्या आजी तेवढेच मराठी वाचू शकत, आणि तेवढ्यावर त्या एकट्या मुंबईभर फिरत.

मामांना सणांपैकी दसरा सर्वांत प्रिय होता. सकाळी आगारात बस धुऊन उभ्या केलेल्या असत, रेडिएटरच्या जाळीवर झेंडूचे तोरण, चाकाखाली लिंबू, स्टिअरिंगला हळदकुंकू. त्या दिवशी पंचलाही हळदकुंकवाचे बोट लागे आणि मगच तो पहिल्या तिकिटाला लावला जाई. चित्रपटात येण्यापूर्वी जॉनी वॉकर म्हणजेच बद्रुद्दीन काझी हे बेस्टमध्ये वाहक होते, हे सांगताना मामांचा चेहरा असा फुले की जणू त्यांच्याच पाळीतला माणूस पुढे गेला होता.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत सुमारे नऊशे डबलडेकर होत्या. नंतर त्या कमी होत गेल्या. एका बसला दोन वाहक लागतात, इंधन जास्त लागते, देखभाल महाग पडते, आणि अरुंद झालेल्या रस्त्यांवर ती वळवणे कठीण जाते, ही कारणे खरी आहेत आणि मी ती नाकारत नाही. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या धाटणीची शेवटची डबलडेकर ४१५ क्रमांकाच्या मार्गावर अंधेरी आणि सीप्झ यांच्यामध्ये धावली. त्या दिवशी मामा आमच्याकडे होते, त्यांचे वय पंच्याऐंशी. दूरचित्रवाणीवर हारांनी सजवलेली बस दिसत होती, लोक वरच्या मजल्यावर दाटीने उभे राहून छायाचित्रे काढत होते. मामा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी मला विचारले, "एवढी माणसं वर चढली आहेत, त्यांची तिकिटं कोण काढतंय?" त्यांचा प्रश्न अगदी गंभीर होता. मी म्हणालो की आज कदाचित कोणी काढत नसेल. ते त्यांना पटले नाही.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. २०२३ च्या फेब्रुवारीपासून विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबलडेकर मुंबईत धावत आहेत. त्यांत जरूर बसावे. त्या शांत आणि आरामशीर आहेत, पण त्यांच्या खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे समुद्र दिसतो, त्याचा वारा लागत नाही. जुने पाहायचे असेल, तर आणिक आगारात बेस्टचे संग्रहालय आहे. तिथे ट्राम आणि बस यांच्या लहान प्रतिकृती आहेत, जुनी तिकिटे आणि वाहकांच्या हातातली जुनी साधने आहेत. जाण्यापूर्वी ते उघडे आहे का हे विचारून घ्यावे. तिकिटांची पेटी पाहाल, तेव्हा ती डाव्या हातावर कशी बसत असेल याचा अंदाज घेऊन पाहा, आणि ती पाचसहा तास तशीच धरून, दांडा न पकडता, वळणावर उभे राहायचे आहे असे मनात आणा.