सिकलसेलची चित्रकथा पहिल्यांदा काढताय? मग एवढं बघा

सिकलसेल म्हणजे आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. त्याच्या चित्रकथेसाठी एक ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, तेवढी पुरेत. पानावर तीनच चौकटी, एकाखाली एक; शेजारी-शेजारी काढल्या की नवखा वाचक क्रम चुकतो. झेरॉक्समध्ये करडी छटा काळी पडते, म्हणून नुसत्या रेघा.

या आजारात येणारा वेदनेचा झटका बाहेरून दिसत नाही, आणि नेमकं तिथंच ‘नाटक करते’ असं ऐकावं लागतं. ती चौकट मोठी ठेवा. पेशंट आणि सिस्टर एकाच उंचीवर बसलेल्या हव्यात. फुग्यात पुस्तकी मराठी नको. धुळ्याकडे अहिराणीतलं ‘मना पाय दुखी ऱ्हायनात’ (माझे पाय दुखतायत) चालेल, धडगावला मात्र पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलणाऱ्याकडूनच लिहून घ्या.

आईबाप दोघंही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत पण आजार पुढं देऊ शकतात असे, असले तर चार मुलं काढून एक आजारी दाखवायची, ही नेहमीची चूक. लोकांना वाटतं, एक झालं, आता बाकीची तीन सुटली. धोका प्रत्येक बाळंतपणात नव्यानं २५ टक्के असतो. त्यासाठी पिशवीत चार खडे काढा, एक काळा; काळा म्हणजे आजारी मूल. काढलेला खडा दर वेळी परत टाकलेला दाखवा.

छापण्याआधी फुगे झाकून पाच जणांना विचारा, ‘काय चाललंय?’ तिघं अडखळले तर चित्र बदला, मजकूर वाढवू नका.