स्पेनचा इतिहास वाचायला घेताना

स्पेनचा इतिहास वाचायला तुम्ही १४९२ पासून सुरुवात करणार आहात, असे म्हणता; पण बहुतेक नवखे वाचक नेमके इथेच चुकतात. त्याआधी जवळपास आठ शतके तिथे कुठे ना कुठे मुस्लिम सत्ता होती. दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबा शहराची मशीद १२३६ मध्ये कॅथेड्रल झाली, तरी तिच्या कमानी आजही उभ्या आहेत, आणि हा थर समजून घेतल्याशिवाय १४९२ मधला ग्रानादा या तिथल्या शेवटच्या मुस्लिम राज्याचा पाडाव व त्याच वर्षी झालेली ज्यूंची हकालपट्टी नीट उलगडत नाही.

वसाहतींसाठी सध्या दोनच ठिकाणे पुरेत:

- पोतोसी (आजच्या बोलिव्हियात): १५४५ मध्ये सापडलेली चांदी आणि 'मिता' ही सक्तीची मजुरी.
- मनिला (फिलिपिन्स): १५६५ ते १८१५ पर्यंत मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदराशी चाललेला गलबतांचा व्यापार.

१५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. पण त्यावरून गोव्याला स्पॅनिश वसाहत समजू नका, कारण तिथला कारभार पोर्तुगीजांकडेच राहिला. राजघराण्यांच्या वंशावळी मात्र तूर्त खुशाल बाजूला ठेवाव्यात.