एरंडेलाचे पॅड पावसाळ्यात का फुगतात?

प्रश्न : आमच्या गाळ्यात एरंडेल तेल आणि पॉलिमेरिक एमडीआय (आयसोसायनेट जातीचे रसायन) मिसळून यंत्रांच्या पायाखाली घालायचे लवचिक पॅड ओततो. उन्हाळ्यात माल छान निघतो. जून लागला की आतून स्पंजासारखा फुगतो, काही पॅड चिकटच राहतात. एमडीआय वाढवून पाहिला, तर जास्तच फुगले.
— एक वाचक, साकीनाका

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ एकच, पाणी. एरंडेलातल्या रिसिनोलिक आम्लावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, म्हणून हे तेल काहीही प्रक्रिया न करता आयसोसायनेटशी जोडले जाऊन पॉलियुरेथेन बनते. पण त्याच गटामुळे ते इतर तेलांपेक्षा जास्त ओल धरते. आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. 100 ग्रॅम तेलात 0.1 ग्रॅम पाणी असले, तरी सुमारे 135 मिलिलिटर वायू निघू शकतो आणि दीड ग्रॅम एमडीआय फुकट जातो. तेवढा तेलाला कमी पडतो, म्हणून चिकटपणा.

ओतण्याआधी तेल 105 ते 110 अंशांवर व्हॅक्यूममध्ये ढवळत ठेवा, बुडबुडे येणे पूर्ण थांबेपर्यंत. थंड होताना झाकण बंद हवे. उघड्या बादलीत रात्रभर निवत ठेवलेले तेल मुंबईच्या पावसाळ्यात पुन्हा ओल ओढते, सगळी मेहनत वाया. खडूची पूड घालत असाल तर तीही भट्टीत सुकवून घ्या. बऱ्याचदा खरा चोर तीच असते. शिवाय तेलात 2 ते 5 टक्के 3ए मॉलिक्युलर सीव्हची (पाणी शोषून घेणाऱ्या सच्छिद्र पदार्थाची) पूड घातली तर उरलीसुरली ओल ती धरून ठेवते.

प्रमाण अंदाजाने धरू नका. 56,100 ला तेलाच्या हायड्रॉक्सिल मूल्याने (तेलात हायड्रॉक्सिल गट किती, हे सांगणाऱ्या आकड्याने) भागा. मूल्य 163 असेल तर 344 येतात. एमडीआयमध्ये एनसीओ (तेलाशी जोडला जाणारा आयसोसायनेट गट) 31 टक्के असेल तर 4,200 ला 31 ने भागून त्याचा आकडा 135. 344 ग्रॅम तेलाला 135 ग्रॅम एमडीआय लागतो. म्हणजे 100 ग्रॅम तेलाला साधारण 40 ग्रॅम एमडीआय पुरे. हायड्रॉक्सिल मूल्य आणि एनसीओची टक्केवारी पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर असते, दर लॉटला पाहा. मिश्रण आधी गढूळ दिसते. भांड्याच्या कडा खरवडून घ्या, दुसऱ्या कोरड्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळा आणि मगच साच्यात घाला. एखादाच कोपरा चिकट राहिला तर ढवळणे अपुरे पडले, असे समजा.

पॅड आणखी मऊ हवा म्हणून एमडीआय कापू नका. वरच्या मिश्रणात 20 ग्रॅम पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल 2000 (लांब साखळीचे, हायड्रॉक्सिल गट असलेले द्रव) घाला आणि त्यासाठी एमडीआय 2.7 ग्रॅमने वाढवा. हातमोजे आणि हवा खेळती हवीच, आयसोसायनेटने दमा जडू शकतो. ओल शिरलेला एमडीआयचा डबा घट्ट बंद करू नका, आतल्या वायूने तो फुटतो.

प्रश्न : एरंडेलाऐवजी सोयाबीनचे तेल चालेल का?

उत्तर : थेट नाही, त्यात हायड्रॉक्सिल गटच नसतो. आधी इपॉक्सिडेशन (पेरॉक्साइडने तेलात ऑक्सिजनची कडी बसवणे), मग ती कडी उघडून पॉलिऑल (अनेक हायड्रॉक्सिल गट असलेला पदार्थ) करावा लागतो. छोट्या गाळ्यात हे करू नका. पेरॉक्साइडची प्रक्रिया उष्णता सोडते आणि हाताबाहेर जाऊ शकते. तयार सोया पॉलिऑल घ्या आणि हिशेब वरच्याच सूत्राने मांडा.